पऱ्यातलं काम कधी करायचं? साकव, चढणीचे मासे आणि निविदेतल्या अटी

पऱ्याकाठ_राजापूर

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या पऱ्यावर (छोट्या ओढ्यावर) नवीन साकव (छोटा पूल) मंजूर झालाय. जुना गंजून गेलाय आणि पावसात पोरं त्यावरूनच शाळेत जातात, त्यामुळे साकव व्हायलाच हवा, यात वाडीत दुमत नाही. माझा प्रश्न वेळेचा आहे. प्रशासकीय मान्यता आली आहे, निविदा अजून निघायची आहे. नेहमीच्या चालीने गेलं तर मार्चअखेरीची गडबड आटोपून ठेकेदार एप्रिलच्या शेवटी पोकलेन उतरवणार आणि जूनच्या तोंडावर पाया उघडा असणार.

पलीकडच्या वाडीत हेच झालं. पायातून निघालेली माती काठावर ढीग करून ठेवली होती. मे अखेरीस दोन मोठ्या सरी आल्या आणि ढीग पाण्यात गेला. त्या वर्षी चढणीचे मासे (पहिल्या पुरात अंडी घालायला वर चढणारे) खालच्या कोंडापर्यंत (पात्रातल्या खोल डोहापर्यंत) आले, त्याच्या वर कोणाला दिसले नाहीत.

ठेकेदाराला विचारलं तर म्हणतो, "मे महिन्यात पाणीच नसतं, तर मासे कुठले?" याला काय उत्तर द्यायचं? आणि अशा छोट्या कामाला वेळेचं बंधन घालणारा काही नियम आहे का? नसेल तर ग्रामसभेच्या ठरावात काय लिहून घ्यावं?

निवृत्त_उपअभियंता

बांधकाम खात्यात नोकरी गेली, त्यामुळे नियमांचं आधी सांगतो.

साकवाच्या फायलीत ग्रामपंचायतीचा ठराव असतो, अंदाजपत्रक असतं, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश असतो. जागा वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी, भरतीचं पाणी येत असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची. माशांबद्दल या फायलीत एकही कागद मागितला जात नाही. 2006 ची पर्यावरण मंजुरीची अधिसूचना मोठ्या कामांसाठी आहे. साकव, मोरी, छोटा बंधारा तिच्यात येत नाही. निळी आणि लाल पूररेषा असते, पण ती अनुक्रमे 25 आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. माणसाने कुठे बांधू नये हे ती सांगते, पात्रात कधी काम करू नये हे सांगत नाही. आणि तुमच्या पऱ्याला ती आखलेलीही नसणार.

1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमात पाण्यात सुरुंग उडवायला आणि विष टाकायला बंदी आहे. पण ती मासे पकडण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने केलं तर. पायासाठी खडक फोडताना कोंडातले मासे उलटे होऊन वर आले, तर हेतू तो नव्हता म्हणून कलम लागत नाही.

समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा काळ. पावसाळ्यात नदीतला वाळूउपसाही थांबतो. म्हणजे विणीचा हंगाम शासनाने समुद्राला दिला आहे. पऱ्याला कोणी दिलेला नाही, तो तुम्हाला निविदेतूनच मिळवावा लागेल. आणि अट घालायची तर निविदा निघण्याआधी घाला. कार्यारंभ आदेश निघाला की ठेकेदार म्हणेल हे माझ्या दरात धरलेलं नाही, आणि त्याचं म्हणणं कागदावर बरोबर असेल.

कोंडाकाठची_मुरी

पाणी नाही तर मासे कुठले, याचं उत्तर मी देते. प्राणिशास्त्र शिकवते आणि संगमेश्वरकडच्या वहाळांत विद्यार्थ्यांना घेऊन फिरते.

मे महिन्यात पऱ्याचं वाहणं थांबतं, पण कोंडात पाणी असतं. डिसेंबरात दोन-अडीच किलोमीटरभर पसरलेले मासे मे महिन्यात त्या चार-पाच कोंडांत कोंबलेले असतात. मळ्या, खवळ, शेंगटी, वाम, कपारीत मरळ. पुढच्या पावसाळ्यात त्या पऱ्याला जे मासे मिळणार ते या कोंडांतून वाचलेले आणि खालच्या नदीतून चढून आलेले, एवढेच. ठेकेदाराने काँक्रीटला पाणी लागतं म्हणून एका कोंडात पंप टाकला की तीन दिवसांत तो तळाला जातो आणि पऱ्याच्या माशांचा मोठा हिस्सा संपतो. म्हणून उन्हाळा म्हणजे सुरक्षित काळ, हे समीकरण आपल्याकडे अर्धंच खरं आहे. पात्र कोरडं असताना खणायला हरकत कमी, पण कोंडाला हात लावायला वर्षातली सर्वात वाईट वेळ तीच.

दुसरी वाईट वेळ पहिल्या पुराची. अंडी भरलेल्या माद्या पहिल्या मोठ्या लोंढ्यात वर सरकतात, ओहोळांत, भाताच्या खाचरांत शिरतात, तिथे अंडी घालतात. पिल्लं तिथेच वाढतात आणि पाणी उतरताना खाली येतात. बऱ्याचशा माशांची वर्षभराची वीण या थोड्या दिवसांवर असते. नेमक्या त्याच लोंढ्यात तुमच्या काठावरचा मातीचा ढीग वाहून येतो.

पूर आला की पाणी गढूळ होतंच, मग ढिगाऱ्याचं एवढं काय, असं विचारतील. पुराचा गढूळपणा वाहून जातो. पायातून निघालेली बारीक माती मात्र सरीसरीला थोडी थोडी सुटत राहते आणि पूर ओसरल्यावर गोट्यांच्या मधल्या फटींत बसते. ज्यांना पटत नाही त्यांनी हे करून पाहावं. कामाच्या वरच्या बाजूला, खळखळत्या उथळ पाण्यातला एक मुठीएवढा दगड उचला. तो सहज सुटतो. खाली पोकळी असते, दगडाच्या पोटाला वाळूच्या कणांची घरटी चिकटलेली असतात, चपट्या अळ्या सरसर पळतात, कधी पट्ट्यापट्ट्यांची मुरी (दगडांखाली राहणारा छोटा मासा) सटकते, कधी पोटाखाली पिल्लं घेतलेली खेकडी. आता कामाच्या खालच्या बाजूला तसाच दगड उचलून बघा. तो चिखलात रुतून बसलेला असतो, बोटं घालून उपटावा लागतो आणि त्याच्या खाली नुसता काळपट गाळ. मुरी जगते ती त्या पोकळीत. पोकळी बुजली की तिला राहायला जागा नाही, अंड्यांना प्राणवायू नाही आणि मळ्याला खायला अळ्या नाहीत. विद्यार्थ्यांना मी हे दोन दगड हातात देते, जास्त समजवावं लागत नाही.

वाडा_पालघर

चढणीच्या माशांना आमच्याकडे वळगणीचे मासे म्हणतात. ताईंनी लिहिलंय ते शब्द न् शब्द खरं आहे. पण नुसत्या वेळेवर अडू नका, बांधकामाचा आकारही बघा. आमच्या ओहोळावर सिमेंटचा नाला बंधारा झाला, काम वेळेत, पावसाच्या कितीतरी आधी. बंधाऱ्याची भिंत सरळ उभी, खाली काँक्रीटचा कट्टा, त्यावर वितभर पाणी. मासा उडी मारणार कुठून? आता वळगणीला मासे त्या भिंतीखाली अडतात, तिथे पाग (फेकायचं जाळं) टाकून बसलेली माणसं सगळे उचलतात, आणि वरच्या खाचरांत काही पोचत नाही.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्याआधी काढतात आणि पाऊस संपताना पुन्हा घालतात. माशांचा विचार करून कोणी ते केलेलं नसेल, पण चढणीच्या वेळी वाट उघडी राहते. गोण्यांचा वनराई बंधाराही तसाच, पाऊस सरल्यावर घालायचा आणि पहिल्या पुरात तो जातो. पाणी अडवायचं तर अशी उघडझाप होणारी रचना आधी मागा.

आमच्याच तालुक्यात तिळशाला वैतरणेच्या डोहात देवाचे मासे आहेत, त्यांना कोणी हात लावत नाही. महाडकडे वाळणकोंडही तसंच. देवळापाशी आपण हे पाळतो, अर्ध्या मैलावरच्या साध्या ओहोळात पाळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ऑलिंपियाहून

मी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात पूल आणि मोऱ्यांच्या कामावर आहे, मूळ गाव लांज्याजवळ. इथली पद्धत सांगतो, त्यातलं काय उपयोगी पडेल ते तुम्ही ठरवा.

इथे 1943 पासून कायदा आहे. ओढ्या-नदीचा प्रवाह किंवा तळ बदलेल, अडेल, वळेल असं कुठलंही काम करायचं तर राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याची वेगळी परवानगी लागते. काम केवढं, हा प्रश्न नाही. शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावरच्या ओढ्यात मोरी टाकायची तरी लागते. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून 45 दिवसांत खात्याने निर्णय द्यायचा असतो. परवानगीत तारखा लिहिलेल्या असतात, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच पात्रात उतरायचं. त्या तारखा जिल्ह्यानुसार, ओढ्यानुसार, त्यात कुठले मासे आहेत त्यानुसार बदलतात. सॅमनच्या बऱ्याच जाती शरद ऋतूत खड्यांत अंडी घालतात, हिवाळाभर ती तिथेच असतात, वसंतात पिल्लं वर येतात. म्हणून पुष्कळ ओढ्यांत पात्रातलं काम जुलै ते सप्टेंबरच्या आतबाहेर बसवतात. त्या काळात इथे पाणीही सर्वात कमी असतं.

या तारखा तुमच्या पऱ्याला लावू नका, तिथे जुलैत पूर असतो. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. परवानगीच्या काळातही ओढा रिकामा नसतो, हे इथे गृहीत धरलेलं असतं. कोहो या सॅमनच्या जातीची पिल्लं वर्षभराहून जास्त गोड्या पाण्यातच काढतात. त्यामुळे तारीख पाळली म्हणजे झालं असं नसतं. वर-खाली जाळी लावून कामाचा तुकडा वेगळा करतात, आतले मासे पकडून खालच्या पाण्यात सोडतात, मग गोण्यांचा बांध घालून प्रवाह पाइपातून बाजूने नेतात. पंपाच्या तोंडाला बारीक जाळी असते. गढूळपणा कामाच्या वर आणि खाली मोजतात. मूळ पाणी स्वच्छ असेल तर सॅमनच्या ओढ्यांत वाढ 5 एनटीयूच्या (गढूळपणा मोजण्याचं एकक) आत ठेवावी लागते, ओलांडली की काम थांबवून कारण शोधायचं. मुरीताई कोंडाबद्दल जे म्हणाल्या ते तुमच्याकडचं याचंच रूप आहे.

वाड्याच्या दादांनी आकाराचा मुद्दा काढलाय, त्यावर. इथे रस्त्यांखालच्या जुन्या पाइप मोऱ्यांची खालची तोंडं वर्षानुवर्षं खरवडून हवेत लटकली आणि सॅमनची वाट तुटली. मूळच्या आदिवासी जमातींना करारांनी मासेमारीचा हक्क दिलेला आहे, त्या जमाती न्यायालयात गेल्या. 2013 मध्ये राज्याला मोऱ्या बदलण्याचा आदेश झाला, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मतं 4 विरुद्ध 4 पडली आणि आदेश कायम राहिला. आता राज्य त्यावर प्रचंड पैसा घालतंय. मोरी टाकतानाच तिचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा खाली घेतला असता आणि रुंदी पात्राइतकी ठेवली असती, तर यातलं बरंचसं टळलं असतं.

खडी_वाळू

मी छोटा ठेकेदार आहे. साकव, संरक्षक भिंती, मोऱ्या करतो. सगळ्यांनी ठेकेदाराला झोडपण्याआधी आमची बाजूही ऐका.

मे नको म्हणता, म्हणजे जानेवारीत काम करायचं. जानेवारीत पऱ्यात पाणी वाहतं असतं. गोण्या भरायच्या, पाणी वळवायचं, रात्रंदिवस पंप चालवायचा, डिझेल घालायचं. अंदाजपत्रकात त्याची बाब नसते किंवा असली तर नावापुरती. मे महिन्यात तेच काम कोरड्यात होतं. दोन पैसे सुटावेत म्हणून मी मे गाठतो, मासे मारायला नाही. त्यात कार्यारंभ आदेशच फेब्रुवारीत हातात आला तर मी जानेवारीत कसा उतरू? शिमग्याला मजूर गावी जातो तो आठवडा-दहा दिवस येत नाही.

आणि 31 मे ही मुदत घालत असाल तर तीही उपयोगाची नाही. 2025 साली मान्सून 25 मेला कोकणात आला आणि 26 मेला मुंबईत. माझं एक काम त्या पावसात सापडलं, शटरिंग वाहून गेलं. मुदत घालायची तर 10 मे घाला, पण आदेश डिसेंबरात द्या आणि पाणी वळवण्याचे पैसे द्या. मी लेखी देतो, करून दाखवीन.

निवृत्त_उपअभियंता

खडी_वाळू, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि धाग्यातली सर्वात कामाची माहिती तुम्ही दिलीत. सावित्रीवरचा महाडचा पूल 2 ऑगस्ट 2016 ला पडला आणि नवा 5 जून 2017 ला, पावसाळ्याच्या तोंडावर, सुरू झाला. एवढं मोठं काम एका कोरड्या हंगामात बसलं, कारण कागद वेळेत हलले. साकवाचा कागदही हलू शकतो. तो मार्चपर्यंत झोपतो कारण तो मार्चपर्यंत झोपला तरी कोणाचं काही अडत नाही.

चिपळूण_बाजारपूल

सगळ्यांनी छोट्या पऱ्यांबद्दल लिहिलंय. वाशिष्ठीची गोष्ट निराळी आहे. कोयनेत वीज तयार झाल्यावर पाणी वाशिष्ठीत येतं, त्यामुळे आमच्याकडे उन्हाळ्यातही नदी वाहते आणि पातळी वीजनिर्मितीप्रमाणे वरखाली होते. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी उतरेल हा हिशेब इथे चालत नाही.

22 जुलै 2021 चा पूर आम्ही अंगावर घेतलाय. गाळ काढू नका असं चिपळुणात कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण नदीत मगरी आहेत. मगरीण उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठाच्या वाळूत-मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पिल्लं पावसाच्या आधी बाहेर येतात. म्हणजे माशांसाठी जो काळ त्यातल्या त्यात बरा, त्याच काळात काठाची बेटं पोकलेनने उचलली तर मगरीची घरटी जातात. वाळूच्या बेटांवर नदी सुरय हे पक्षीही मार्च ते मेच्या सुमारास अंडी घालतात. एकच तारीख सगळ्यांना लागू होत नाही. आधी एका जाणत्याने काठ चालून घरटी असलेले तुकडे खुणावून द्यावेत, ते सोडून बाकीचं काम करावं.

कोंडाकाठची_मुरी

चिपळूण_बाजारपूल, अगदी बरोबर. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे तिथे वनखातं सोबत यायलाच हवं.

काँक्रीटबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगते. ओल्या काँक्रीटमधून सुटणाऱ्या पाण्याचा सामू (पीएच) 12 च्या वर जातो. मासे साधारण साडेसहा ते नऊच्या मध्ये बरे असतात. वाहत्या नदीत हे पातळ होतं, पण बारक्या पऱ्यात मिक्सर धुतलेलं राखाडी पाणी कोंडात गेलं की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, कल्ल्यांवर पांढरट बुळबुळीत थर येतो आणि संध्याकाळपर्यंत संपतात. गावात म्हणतात कोणीतरी विष घातलं. मिक्सर आणि घमेली पात्रापासून दूर खड्ड्यात धुवायची, एवढ्याने हे टळतं. त्याला एक रुपयाही लागत नाही.

आंबोली_घाट

एक उदाहरण जोडतो. हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी देवळाच्या कुंडात एक छोटा मासा सापडला, तो विज्ञानाला नवा होता. 2020 मध्ये त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी नाव मिळालं आणि 2021 मध्ये ती 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. हा मुरीचाच भाऊबंद. कुंडाला फरशी बसवून सुशोभीकरण, हे काम आपल्याकडे कुठल्याही देवळात निघतं. इथे मासा सापडायच्या आधी निघालं असतं तर आपल्याला काय गेलं ते कळलंही नसतं.

तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणार, 2002 च्या कायद्याने ती असायलाच हवी. लोक जैवविविधता नोंदवहीत कोंडांची नावं, त्यातले मासे आणि चढण साधारण कधी सुरू होते हे लिहून घ्या. फायलीला जोडायला मग कागद मिळतो.

पऱ्याकाठ_राजापूर

सर्वांचे मनापासून आभार. वाडीत बसून मसुदा केला. ठरावात हे घेतोय. पात्रातलं खोदकाम आणि काँक्रीट 1 जानेवारी ते 30 एप्रिल एवढ्यातच, आणि 10 मेपर्यंत यंत्र, माती, शटरिंग पात्रातून पूर्ण बाहेर. निघालेली माती त्याच दिवशी पुराच्या पाण्याच्या वर नेऊन टाकायची. वरचे दोन आणि खालचा एक असे तीन कोंड नावानिशी लिहिलेत, त्यांतून पंपाने पाणी घ्यायचं नाही, पाणी टँकरने आणायचं. पाया खणण्याआधी त्या जागेतले मासे वाडीतली मंडळी खालच्या कोंडात सोडतील, त्यासाठी ठेकेदाराने एक दिवस आधी कळवायचं. मिक्सर वरच्या शेताडीत धुवायचा. सुरुंग नाही, ब्रेकरने फोडायचं. साकवाखाली काँक्रीटचा सलग कट्टा नको, पऱ्याचा तळ आहे तसा ठेवायचा.

गढूळपणा मोजण्याची अट काढली. यंत्र नाही आणि मोजणारं कोणी नाही. त्याऐवजी काम चालू असताना खालच्या कोंडात पाणी वरच्यापेक्षा गढूळ दिसलं तर काम थांबवायचा अधिकार समितीला मागितलाय. काका, यातलं काही निविदेत टिकणार नाही असं आहे का?

निवृत्त_उपअभियंता

दोन गोष्टी. "गढूळ दिसलं तर" यावर वाद होईल. त्याऐवजी लिहा की दोन काचेच्या बाटल्यांत वरचं आणि खालचं पाणी घेऊन शाखा अभियंत्याच्या समोर शेजारी ठेवायचं, फरक उघड असेल तर बांध आणि गोण्या दुरुस्त होईपर्यंत काम बंद. फोटो मोजमाप पुस्तिकेसोबत राहू दे.

दुसरी जास्त महत्त्वाची. अंदाजपत्रकात पाणी वळवणे व उपसणे ही बाब स्वतंत्र घ्यायला लावा, आणि टँकर व माती वाहतुकीचं अंतरही. हे ठरावात असून भागत नाही. तांत्रिक मान्यतेला जाणाऱ्या अंदाजपत्रकात रक्कम पडली नाही तर खडी_वाळू यांच्यासारखा सरळ माणूसही पुन्हा मे महिन्यातच येईल. उपविभागात अंदाजपत्रक अजून सहीला गेलं नसेल तर उद्याच जा आणि ठरावाची प्रत हातात घेऊन जा.

खडी_वाळू

निविदा निघाली की इथे कळवा. मी भरणार आहे.